भिसेगावातली चूल

गौराबाई कर्जत स्टेशनालगतच्या भिसेगावात राहायला आली तेव्हा तिच्याजवळ सामान म्हणावं असं काही नव्हतं. अंगावर एक लुगडं, पाठीशी सात वर्षांची मंगळी आणि उजव्या कानामागे एक जखम, अजून ओली. साल अडुसष्ट. भातं कापून झाली होती, खळ्यांवर झोडणी चालू होती. अशा ऐन कामाच्या दिवसांत एक धडधाकट बाई खालापूरकडचं आपलं घर सोडून कर्जतला भाड्याची खोली शोधत फिरते म्हटल्यावर लोकांनी काय समजायचं ते समजून घेतलं. एरवी गौराबाईनं अशा लोकांचा जागच्या जागी समाचार घेतला असता. तोंडाची ती फटकळच होती. पण त्या दिवशी बोलायला जबडा दुखत होता.

खोली मिळाली ती नसीबाची. नसीबा विधवा, म्हसळ्याकडची कोकणी मुसलमान. नवऱ्यानं बोटीवर नोकरी करून चार खोल्यांची चाळ बांधली आणि तिच्या भाड्यावर बायको-पोराला सोडून तो अल्लाघरी गेला. मुलगा खलील स्टेशनाजवळ सायकली दुरुस्त करी. नसीबानं गौराबाईला वरपासून खालपर्यंत पाहिलं, मंगळीचा गळ्यात बांधलेला हात पाहिला आणि एकच प्रश्न विचारला.

"नवरा जिता हाय का मेला?"

"जिता हाय."

"मंग कडी बदलाय पायजे," नसीबा म्हणाली. त्याच संध्याकाळी खलीलनं दाराला जाड लोखंडी कडी-कोयंडा ठोकून दिला. गौराबाईच्या संसारातली ही पहिली वस्तू.

आता हा नवरा कोण, तेही सांगून टाकू. चांगो त्याचं नाव. जमीन होती, बैलजोडी होती, घरावर कौलं होती. दारू प्यायचा म्हणावं तर तेही नाही. प्यायला असता तर गावाला सगळं दारूवर ढकलून मोकळं होता आलं असतं. चांगो शुद्धीत मारायचा. बैलाचा कासरा दुहेरी करायचा, ओला करायचा आणि मग मारायचा. गौराबाईही काही गाय नव्हती. एकदा तिनं त्याचा अंगठा चावून नख वेगळं केलं होतं. गाव हसलं होतं. बायको नवऱ्याला चावली की गाव हसतं आणि नवरा बायकोला मारतो तेव्हा गावाला नेमकं शेतावर काम निघतं.

त्या दिवशी खळ्यावर मंगळी राखण करत होती. तिची नजर चुकली आणि बैलानं राशीत तोंड घातलं. तेवढ्यावरून चांगोनं पोरीचा पाय धरला, उचलली आणि भिरकावली. खांद्याचं हाड मोडल्याचा आवाज गौराबाईनं दहा हातांवरून ऐकला. तिनं हातातला झोडणीचा दांडा त्याच्या पाठीत घातला, त्यानं दगड उचलून तिच्या कानामागे मारला. मग तिनं पोर उचलली आणि चालू लागली. वाटेत कुणी अडवलं नाही, कुणी पाणीही विचारलं नाही.

चांगोनं पंच बसवले. बायको गेल्याचं त्याला फारसं दुःख नव्हतं, बायको दुसरीही मिळते. त्याला पोर हवी होती. दोन वर्षांत कामाला आली असती, आणि शिवाय आपली वस्तू दुसऱ्याकडे राहावी हे त्याला सोसवत नव्हतं. गावच्या मारुतीच्या देवळात पंच बसले, गौराबाईलाही बोलावून घेतलं. धोंडीबाबा त्यांतला जुना, सत्तरीचा. बोलायचा थोडं आणि एकेक शब्द चावून. गौराबाईचा सख्खा भाऊ गजा तिथेच होता. बहीण बोलत होती तोवर तो मातीत काडीनं रेघा ओढत बसला होता.

धोंडीबाबा म्हणाला, "ज्याची चूल त्याचं घर, हा आपला कायदा. बाई चूल मांडती म्हनती. मांडू दे. होळीच्या दुसऱ्या दिवशी आमी पाच जण जाऊ. चूल, जातं, पाटा-वरवंटा, पाण्याचा हंडा, देवाफुडं दिवा, हे समदं तिच्या खोलीत दिसलं पायजे, आनि तिच्या हातचं आमी जेवलं पायजे. पंच जेवले म्हंजे घर तिचं, पोर तिची. नायतर पोर बापाची."

न्याय म्हणून यात फारसं काही नव्हतं. मोडलेल्या हाडाचं कुणी नावही काढलं नाही. पण गौराबाईच्या हाताला एवढाच न्याय लागला आणि तिनं तो घट्ट धरला.

स्टेशनापलीकडे गवताची वखार होती. मुंबईच्या तबेल्यांसाठी तिथे गवत दाबून गठ्ठे बांधत. गौराबाई तिथे कामाला लागली. दिवसभर गवत ओढायचं, दाबात टाकायचं. अंगावर ओरखडे, नाकाडोळ्यांत कुसळं. रात्री खोकताना हिरवं पडे. पण वखारीत तिच्या अंगावर कुणी हात टाकत नव्हतं आणि तिला तेवढ्याचंही नवल वाटे.

खोलीत आधीच्या भाडेकऱ्याची चूल तशीच होती, चांगली धड होती. नसीबा म्हणाली, वापर की. गौराबाईनं ती पहारीनं उखडून टाकली. दुसऱ्या बाईच्या चुलीवर शिजवलं तर पंच म्हणतील चूल हिची नव्हेच. तिनं उल्हास नदीच्या काठची चिकणमाती आणली, त्यात भाताचा कोंडा मळला आणि स्वतःच्या हातानं चूल घातली. बाजूला दुसऱ्या भांड्यासाठी वैलही काढला. आठ दिवस सावलीत वाळवली. पाचव्या दिवशी मांजर तिच्यावरून चालून गेलं, तर गौराबाईनं त्या मांजराच्या सात पिढ्यांचा उद्धार असा केला की पलीकडच्या खोलीतली म्हातारी कानावर हात ठेवून देव म्हणायला लागली. पहिला विस्तव नसीबानं आपल्या चुलीतून आणून दिला. चूल धरली, भात शिजला. मायलेकींनी तो भात नुसत्या मिठाशी खाल्ला. गौराबाईला जन्मात पहिल्यांदा असं झालं की जेवताना मान वर करून दाराकडे पाहावं लागलं नाही.

ते सुख बारा दिवस टिकलं. तेराव्या दिवशी भर दुपारी चांगो आला. दार उघडंच होतं. मंगळी नसीबाकडे खेळत होती आणि गौराबाई वखारीतून जेवायला घरी आली होती. तो उंबऱ्यावर बसला, टोपी काढली, घाम पुसला. आणि इथे गौराबाईनं एक चूक केली. दहा वर्षं नवरा शेतावरून आला की तांब्या पुढे करायचा, ती सवय हातात होती. मनानं नको म्हणायच्या आत हातांनी तांब्या भरला आणि त्याच्यापुढे ठेवला.

चांगो प्यायला. तोंड पुसलं. हसला.

"सवय गेली नाय म्हन की," तो म्हणाला आणि उठून चुलीवर लाथ घातली. ती अजून कच्चीच होती, एका लाथेत बसली. पाण्याची दोन मडकी होती ती भिंतीवर फोडली. गौराबाई आडवी आली तेव्हा तिचे केस हाताला गुंडाळून तिचं डोकं त्या राखेत दाबलं आणि सावकाश, जरासुद्धा घाई न करता निघून गेला. शेजारच्या दोन खोल्यांतली माणसं दारात उभी होती. नवरा-बायकोचं आहे, आपण कशाला मध्ये पडा, असं एकजण म्हणाला. त्याला चारचौघांत शहाणा समजत.

गावात जाऊन चांगोनं सांगितलं, तिनं मला पाणी दिलं, म्हणजे संसार मोडलेला नाही. पंचांत त्यावर दोन दिवस काथ्याकूट झाला. शेवटी धोंडीबाबानं निकाल दिला तो गजा येऊन बहिणीला सांगून गेला. आत आला नाही, रस्त्यावरूनच बोलला.

"पाण्याचं सोडलं म्हने. पाणी वाटसरूला बी देत्यात. पन त्याच्या पोटात तुझ्या चुलीवरचं एक शीत गेलं, तर जुनं घर जुळलं असं धरनार. मंग तुमा दोघींना परत जावं लागंल. जपून ऱ्हा."

"तू आत येशील का, गजा?"

"नको. गाडी हाय माझी," गजा म्हणाला आणि गेला. गाडीला अजून दीड तास होता.

गौराबाईनं पुन्हा माती आणली आणि दुसरी चूल घातली, पहिलीपेक्षा जाड. त्या दिवसापासून तिच्या खोलीत शिजलेलं अन्न राहीनासं झालं. भात शिजला की चुलीवरूनच दोघी खायच्या, जीभ पोळेपर्यंत. उरलेलं फडक्यात बांधून ती वखारीत न्यायची. घास पडला तर उचलून तोंडात, नाहीतर विस्तवात. मंगळीला तिनं शिकवलं की बाप आला तर तोंडातला घास गिळायचा आणि पातेलं पालथं घालायचं. लोक चोरापासून दागिना जपतात, ही बाई शितं जपायची.

बाकीचं सामान एकेक करून आलं. जातं दहिवलीत एका घरी पडून होतं. त्यांच्या अंगणातलं सगळं गवत कापून तिनं ते मिळवलं आणि दोन्ही तळ्या दोन खेपांत डोक्यावरून पुलावरनं आणल्या. दुसऱ्या खेपेला पुलाच्या मधोमध मान आखडली. खाली ठेवलं तर पुन्हा उचलायला कुणी नव्हतं, म्हणून ती तशीच उभी राहिली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, आणि मग चालू लागली. पाटा-वरवंटा घाटाखालच्या पाथरवटाकडून आणला. हंडा नसीबाचा जुना, बुडाला डाग दिलेला. खलीलनं सायकलच्या दुकानातल्या पत्र्याची देवापुढे लावायला चिमणी करून दिली. पौषात खोलीकडे पाहिलं तर घर वाटावं असं ते झालं होतं. गौराबाई कामावरून आली की उगीच जात्याच्या खुंट्यावर हात ठेवून बसे. आपली वस्तू म्हणजे काय हे तिला तिसाव्या वर्षी कळत होतं आणि ते फार गोड होतं.

माघात एकदा ती वखारीतून परतली तर दार सताड. कडी शाबूत होती, बाजूची फळीच उचकटलेली. आत चांगो होता. त्यानं पातेली, मडकी, डबे सगळं उपडं करून पाहिलं होतं आणि त्याला एक शीतही सापडलं नव्हतं. त्याचा राग त्यानं जात्यावर काढला होता. वरच्या तळीचे दोन तुकडे पडले होते.

"शितं कुठं लपवतेस गं?" त्यानं विचारलं.

गौराबाई त्या तुकड्यांकडे पाहत होती. पुलावरची ती आखडलेली मान तिला आठवली आणि डोक्यात तिडीक गेली. तिनं जात्याचा सुटा पडलेला खुंटा उचलला आणि त्याच्या तोंडावर हाणला. चांगोचा पुढचा दात पडला. मग त्यानं वरवंटा घेतला. पहिला घाव चुकला, दुसरा तिच्या डाव्या पावलावर बसला. तिसरा कुठे बसला असता कोण जाणे, पण नसीबा मुसळ घेऊन दारात आली होती आणि त्या साठीच्या बाईनं ते मुसळ चांगोच्या कमरेत असं घातलं की तो भिंतीला धरून बाहेर पडला.

"पुन्हा आलास तर डोकं सडीन, तांदूळ सडतात तसं," नसीबा ओरडली. मग खाली बसून गौराबाईचं पाऊल मांडीवर घेतलं आणि रडली. गौराबाई रडली नाही. तिनं विचारलं, "चाची, जातं फुटलं असलं तर पंच मानतील का गं?"

त्या पावलाची दोन बोटं पुढे कधी सरळ झाली नाहीत. जात्याची दुसरी तळी मिळवायला महिना गेला, पण ती मिळाली.

होळी झाली. दुसऱ्या दिवशी पंच दुपारच्या आत येणार होते. गौराबाई पहाटे उठली, खोली सारवली, पळसाच्या पानांच्या पत्रावळी लावल्या. नसीबानं आपले पाट दिले. चार महिन्यांत पहिल्यांदा त्या खोलीत शिजलेलं अन्न तयार करून, झाकून ठेवायचं होतं. दुसरा इलाजच नव्हता, पंचांना वाढायचं तर आधी शिजवायला हवं. तिनं भात केला, तांदळाच्या भाकऱ्या केल्या, वालाचं बिरडं चुलीवर रटरटत ठेवलं. मंगळी कोपऱ्यात नवा परकर घालून बसली होती. नसीबा आणि खलील नाक्यावर पंचांची वाट पाहायला गेले होते, म्हाताऱ्यांना चाळ सापडावी म्हणून. चुकलं ते तिथेच. दहा मिनिटं दाराशी कुणी नव्हतं.

चांगो आला तो धुतलेल्या कपड्यांत. हात जोडलेले. दात पडलेला, त्यामुळे बोलणं जरा फसफसत होतं.

"भूक लागलीय गं. पोरीसंगं दोन घास खाऊन जातो. झालं गेलं सोडून दे."

आणि तो पंचांसाठी मांडलेल्या पाटावर जाऊन बसला.

त्याच्या लाथेला गौराबाई कधी भ्याली नसेल इतकी त्या गोड बोलण्याला भ्याली. आपल्याकडे दारी आलेल्या भुकेल्याला कुणी ऊठ म्हणत नाही. तसं म्हणणं पाप, हे तिच्याही रक्तात मुरलेलं होतं.

"ऊठ," ती म्हणाली. जन्मात पहिल्यांदा तिनं नवऱ्याला एकेरी हाक मारली. "ऊठ पाटावरनं. कुत्र्याला घालीन, पन तुला नाय."

चांगो उठला. पण दाराकडे गेला तो कडी लावायला. खलीलनं ठोकलेली ती जाड कडी. मग त्यानं वळून तिच्या पोटात लाथ घातली. ती पाट्यावर पडली. त्यानं तिच्या मानेवर गुडघा ठेवला आणि एका हातानं भाताच्या पातेल्यावरचं झाकण उडवलं. गौराबाईला खालून दिसत होतं, त्याची पाच बोटं भातात गेली. मूठ भरली.

पुढचं तिनं विचार करून केलं नाही. तिनं कुशीवर होऊन त्याच्या पोटरीत दात रोवले. गुडघा हलला तशी ती सुटली आणि नुसत्या हातांनी तिनं चुलीवरचं बिरड्याचं भांडं उचलून त्याच्या त्या मुठीवर ओतलं. चांगो किंचाळला. पण मूठ सोडली नाही. भाजलेल्या, साल सुटलेल्या हातानं तो ती मूठ तोंडाकडे नेऊ लागला. एका शिताचा प्रश्न होता आणि ते त्यालाही ठाऊक होतं.

गौराबाईनं चुलीतून जळतं लाकूड ओढलं आणि त्याच्या ओठांवर मारलं. मग हातावर मारलं. मूठ उघडली, भात जमिनीवर सांडला. तो पालथा पडून जमिनीवरची शितं चाटायला गेला तेव्हा तिनं डोक्यात मारलं. मग पाठीत, मग खांद्यावर. लाकूड विझलं तरी मारत होती. तो हलायचा थांबला तरी मारत होती. खरं सांगायचं तर तिला बरं वाटत होतं. दहा वर्षांचं सगळं त्या हातातून बाहेर पडत होतं आणि ते थांबवावंसं तिला वाटत नव्हतं. दारावर थापा पडत होत्या, नसीबा तिचं नाव घेऊन ओरडत होती. मंगळी कोपऱ्यात उभी होती, भिंतीला चिकटून. तिच्याकडे गौराबाईनं त्या वेळात एकदाही पाहिलं नाही.

शेवटी लाकूडच मोडलं. मग तिनं कडी काढली.

दारात पाच पंच उभे होते. आत धूर, सांडलेलं बिरडं, चुलीची एक बाजू ढासळलेली आणि मधोमध चांगो, तोंडातून रक्त, हात सोललेला, कण्हत. एका पंचानं तिथेच तोंड फिरवून ओकारी काढली. धोंडीबाबा आत आला. पत्रावळी ओलांडून तो चांगोशेजारी बसला.

"हिच्या चुलीवरचं खाल्लंस का रं?"

"खाल्लं," चांगो म्हणाला. "गिळलं."

"तोंड उघड."

चांगोनं तोंड मिटलं. धोंडीबाबानं बैलाचे दात बघताना धरतात तसा त्याचा जबडा धरला, भाजलेल्या ओठांतून बोट आत घातलं आणि दोन्ही गालांतून फिरवलं. बोट बाहेर काढून उजेडात पाहिलं. रक्त होतं, राख होती. शीत नव्हतं.

"नाय खाल्लं," म्हातारा म्हणाला आणि बोट धोतराला पुसलं. "उचला याला. गाडीत घाला."

दोघा पंचांनी चांगोला उचलून नेलं. उरलेल्या तिघांत एकजण म्हणाला, "पन चूल तर मोडलीय. खानार काय? शिवाय जागा बी परजातीची."

"जागा भाड्याची हाय. चुलीचं काय ते तिला इचारा," धोंडीबाबा म्हणाला.

गौराबाईच्या दोन्ही तळव्यांना फोड आले होते. त्या हातांनी तिनं ढासळलेल्या बाजूला तो वरवंटा उभा करून टेकू दिला, राख उपसली, भिजलेली लाकडं बाहेर फेकली. नसीबानं विस्तव आणून दिला. तांदूळ उरले होते ते तिनं निवडले, धुतले, चढवले. पंच बाहेर पायरीवर बसून राहिले. दुपार टळली तेव्हा तिनं नव्या पत्रावळींवर नुसता भात वाढला, वर मीठ. तिघे म्हातारे जेवले, पाचांतले तिघे म्हणजे पंचच. भातात धुराचा वास होता, तरी पानात कुणी टाकलं नाही. धोंडीबाबानं दुसऱ्यांदा भात मागून घेतला, म्हणजे पुढे कुणाला शंका नको.

हात धुऊन तो उंबऱ्यावर थांबला. "चूल तुझी. पोर तुझी. गावात मी सांगन." मग म्हणाला, "तो हात त्याचा कामाचा ऱ्हानार नाय आता."

"नको ऱ्हाऊ दे," गौराबाई म्हणाली.

पंच गेले. नसीबा तिच्या हातांना लावायला खोबरेल आणायला गेली. खोलीत ऊन तिरकं आलं होतं. चूल, जातं, पाटा, हंडा, दिवा, सगळं जागेवर होतं आणि सगळं तिचं होतं. चार महिन्यांत पहिल्यांदा गौराबाईला आनंद झाला, मोठ्यानं हसावं असा. सकाळपासून पोर उपाशी आहे हे तिला आठवलं. पातेल्यात भात उरला होता. आता तो लपवायचं कारण नव्हतं, सावकाश बसून खाता आला असता.

"ये गं मंगळे, जेवून घे," ती म्हणाली आणि वाढायला पळी उचलली.

मंगळीनं दोन्ही हात डोक्यावर घेतले आणि भिंतीकडे तोंड करून खाली बसली. बापापुढे बसायची तशी.

पळी गौराबाईच्या हातात तशीच राहिली. पोर भिंतीकडून वळेना. गौराबाईनं पळी हळूच जमिनीवर ठेवली, पातेलं सरकवत पोरीपर्यंत नेलं आणि परत येऊन लांब दाराशी बसली. फोड आलेले दोन्ही हात तिनं मांडीखाली दाबून घेतले, पोरीला दिसू नयेत म्हणून.

"तुझ्या हातानं घे," ती म्हणाली. "मी इथंच बसते."

बऱ्याच वेळानं मंगळीनं हात पुढे केला आणि पातेल्यातून भात घेतला. खाताना तिची नजर आईच्या मांडीवरून हलली नाही.